शांत झालेत, म्हणजे झोपलेत

गंभीर आजार माणसाला अंतर्मुख करतो आणि जगण्याचा खरा अर्थ समजावतो, असं बहुतेक अनुभवकथनांच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. मी कॉलेजात ग्रंथपाल होते, त्यामुळे अशी पानं पुष्कळ वाचली आहेत. आमच्या घरी आलेल्या गंभीर आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगितलं ते असं: अंगातलं मीठ कमी झालंय.

खरं तर ते आधी नीटच बोलले होते. "काकू, सरांचं सोडियम फार खाली गेलंय. हायपोनेट्रेमिया म्हणतात याला. आयसीयूत ठेवावं लागेल."

"सोडियम म्हणजे मीठ का?" मी विचारलं.

दाराबाहेर गर्दी होती आणि त्यांचा फोन वाजत होता. "तसंच समजा," ते म्हणाले. मी तसंच समजले, आणि परंड्याला दिराला फोन करून तसंच सांगितलं.

सर म्हणजे माझे यजमान. परंड्याच्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात, मीही. निवृत्तीनंतर आम्ही धाराशिवला राहायला आलो. त्या आठवड्यात त्यांना जुलाब लागले होते. त्यातच बीपीची नवी गोळी चालू होती, लघवी वाढवणारी. आधी नुसता थकवा होता. मग चालताना तोल जाऊ लागला. एका सकाळी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, तुमचा मुलगा कोणत्या वर्गात आहे?" मी हसले. ते हसले नाहीत. तेव्हा रिक्षा बोलावली.

तुमच्या घरी असं झालं तर वय झालं, विसरायला लागले, असं म्हणून थांबू नका. सोडियमची तपासणी साध्या रक्तातून होते. आम्ही चालढकल केली, कारण शेजारच्या काकांनी लिंबू-सरबत सुचवलं होतं आणि ते आम्हाला पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दत्तूभाऊजी आले. सरांचे धाकटे भाऊ, परंड्यात हार्डवेअरचं दुकान. सोबत गाडीभर माणसं. आपल्याकडे दवाखान्यात माणूस असला की प्रेमाचं माप गाडीत किती बसले यावरून काढतात. भाऊजींच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत मिठाचा पुडा.

"वहिनी, मीठ कमी झालंय म्हणून काचंच्या खोलीत घालतेत व्हय माणसाला? पाण्यात कालवून पाजू, विषय संपला."

आत डॉक्टर मीठच देत होते, पण नेमकं उलट रीतीनं. मिठाचं सलाइन थेंबाथेंबानं चालू होतं आणि दर काही तासांनी रक्त तपासलं जात होतं. सोडियम घसरलं की मेंदूच्या पेशी पाणी धरून सुजतात. ते झपाट्यानं वर चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून हळू, अगदी हळू. डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट बजावली होती: "या अवस्थेत गाडीत घालून सोलापूरला न्यायची वेळ येऊ देऊ नका. वाटेत झटके आले तर हातात काही राहणार नाही."

दुपारी सरांचं भान आणखी सुटलं. याला डिलिरियम म्हणतात. माणूस जागा असतो, पण वेगळ्याच ठिकाणी असतो. सर परीक्षेच्या हॉलमध्ये होते. सिस्टरला कॉपी करणारी मुलगी समजून त्यांनी तिचा हात पिरगाळला आणि सलाइनची सुई उपसून काढली. मग त्यांचे हात मऊ पट्ट्यांनी कॉटला बांधले. मला विचारून बांधले. भाऊजींना विचारायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. त्यांनी ते थेट काचेतून पाहिलं.

"दादाला बांधलंय! जनावरागत बांधलंय!"

गाडीतून आलेली सगळी माणसं उठून काचेला भिडली. मी म्हणाले, "भाऊजी, जरा समजून घ्या." हे वाक्य मी आता कुणाला सुचवणार नाही. त्याचा ऐकू येणारा अर्थ "तुम्हाला समजत नाही" असा असतो. त्यांनी मिठाचा पुडा भिंतीवर आपटला. पुडा फुटला. वॉचमन धावत आला आणि "शांत व्हा, शांत व्हा" असं ओरडू लागला. तो स्वतः इतका घाबरला होता की शेवटचं "शांत व्हा" किंकाळीसारखं निघालं.

नेमकं त्याच वेळी आतून सिस्टर आली. सरांना थोडं औषध देऊन गुंगी आणली होती. तिला वाटलं, आपण चांगली बातमी घेऊन आलोय. ती म्हणाली, "आता शांत झालेत."

परंड्याकडं "शांत झाले" म्हणजे गेले.

मी बाकाला धरून उभी राहिले आणि मागून कुणीतरी हंबरडा फोडलेला ऐकला. भाऊजींनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली. मी सिस्टरला कसंबसं विचारलं, "झोपलेत म्हणायचंय का तुला?"

"व्हय की. झोपलेत. तेच म्हणलं ना मी?"

मी ऐकलं, पण आणखी कुणी ऐकलं नाही. सिस्टर आत पळाली आणि आतून कडी लागली. दाराआडून डॉक्टरांचा आवाज आला, "असं असेल तर मी ट्रीटमेंट करणार नाही. पेशंट आत्ताच्या आत्ता सोलापूरला हलवा!" माणूस शिकलेला असला की घाबरल्यावर नियम सांगतो. भाऊजी घाबरले की खुर्ची उचलतात. मधे सर होते, सलाइनच्या थेंबांवर.

मला काही विशेष येत होतं असं नाही. मी खाली बसले. फरशीवर, सांडलेल्या मिठात, भाऊजींच्या पायाशी. मोठी वहिनी पायाशी बसली म्हटल्यावर त्यांना खुर्ची धरून उभं राहता येईना.

"अवं उठा की वहिनी! असं काय करताय?"

"भाऊजी, दादाचे हात बांधलेले बघितले तुम्ही."

"मग! बघितलं की!"

"आणि तुम्हाला कुणी आधी सांगितलं नाही."

"कुणी न्हाय सांगितलं! आमी काय परके हाव का?"

"नाही. मी सांगायला पाहिजे होतं."

खुर्ची थोडी खाली आली. ते ओरडत राहिले. बहिणींना काय सांगू, गावात काय तोंड दाखवू, सगळं. मी मधे बोलले नाही. ते दम घ्यायला थांबले तेव्हा मी हळूच म्हणाले, "दादा झोपलेत. सिस्टरला तेच म्हणायचं होतं. तुम्ही एकटे आत जा आणि नाकाशी हात धरून बघा. बाकीच्यांना खाली चहाला पाठवा. एवढ्यांना आत सोडणार नाहीत."

बाकीचे लगेच गेले. मला वाटतं, कुणीतरी जा म्हणेल याचीच ते वाट बघत होते.

आता दाराआडचा माणूस राहिला. मी कडीपाशी जाऊन म्हणाले, "डॉक्टर, तुमची भीती खरी आहे. आता बाहेर एकच माणूस आहे आणि तो भाऊ आहे. सोलापूरचं तुम्हीच मला काय सांगितलं होतं?" माझ्या मनात सर गाडीत होते, तुळजापूर मागे पडलं होतं आणि त्यांना झटके येत होते. मग कडी निघाली.

भाऊजी चप्पल काढून आत गेले. मी काचेतून बघत होते. त्यांनी नाकाशी बोटं धरली. सरांनी डोळे किलकिले केले, भावाकडं पाहिलं आणि काहीतरी पुटपुटले.

भाऊजी बाहेर आले तेव्हा त्यांच्यात राग उरलाच नव्हता. ते भिंतीला टेकून बसले. "वहिनी, दादा हायत. पण मला वळखंनात. 'कोण आपण?' म्हनले. मला आपण म्हनले."

डॉक्टर त्यांच्या शेजारच्या बाकावर बसले. उभ्यानं बोलले असते तर काय झालं असतं, माहीत नाही. "हात बांधायच्या आधी तुम्हाला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. मग पेशी, पाणी, सूज, हळू का, सगळं पुन्हा. यावेळी फोन वाजला तेव्हा त्यांनी तो बंद केला.

"वळखतील का?" भाऊजींनी विचारलं.

"सांगता येत नाही. वाट बघावी लागेल."

वाट बघणं हे या आजाराचं मुख्य औषध आहे आणि ते नातेवाइकांना द्यावं लागतं. सोडियम इंचाइंचानं चढलं. एकदा नको तितकं चढलं, तेव्हा डॉक्टरांनी सलाइन थांबवलं. भाऊजी परंड्याला गेले नाहीत. बाकावर बसून ते येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला सोडियम हळूच का चढवायचं हे समजावून सांगत. निम्म्यांचे पेशंट हाड मोडलेले होते.

मग एका सकाळी सरांनी चष्मा मागितला, काचेतून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "दत्त्या दुकान सोडून इथं काय करतोय?" भाऊजी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यांना वाटलं, बाहेर ऐकू येत नाही.

सर घरी आले. गोळी बदलली. चालताना अजून भिंतीला हात लावतात, आणि कधी एखादं नाव हरवतं तेव्हा मी श्वास धरून बसते. त्या डॉक्टरांची आणि सिस्टरची मी ऋणी आहे. सिस्टर आता "झोपलेत" म्हणते. आणि कुणी चिडून उभं राहिलं की मी आधी त्याला शांत व्हा म्हणत असे, ते सोडलं आहे.

दत्तूभाऊजी परंड्यात सांगतात की दवाखान्यात त्या दिवशी मोठं भांडण पेटलं होतं आणि ते त्यांच्यामुळं मिटलं. हे खरं आहे. ते गप्प झाल्यावर ओरडायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.