बाईंच्या स्कूटरचा रंग

कापूरहोळच्या फाट्यावर माझं गाड्या रंगवायचं दुकान आहे. घर भोरात. अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मी गाड्या रंगवतो. घराण्याची प्रगती म्हणायची तर एवढीच.

मागच्या श्रावणात बाई आल्या. मला सातवीला विज्ञान शिकवायला होत्या त्या. निवृत्त होऊन वेल्ह्यात राहतात आणि सगळीकडे स्कूटरवरून एकट्या फिरतात. स्कूटर राखाडी, पुढचं मडगार्ड खरवडलेलं. मला वाटलं, तेवढंच काम असेल. त्यांनी पिशवीतून कंपासपेटी काढली. आत कापसावर एक मेलेलं फुलपाखरू होतं. काळे पंख, त्यांवर पांढरे ठिपके, ठिपक्यांच्या कडेनं निळी-जांभळी झळाळी.

"ही निळाई मार," बाई म्हणाल्या.

"सगळ्या गाडीला?"

"मग काय एका आरशाला?"

पेटी आणि स्कूटर ठेवून त्या एसटीनं परत गेल्या.

शेड कार्डातला एकेक निळा मी पंखाशेजारी धरला. जुळला असं वाटायचं, आणि पेटी जरा कलली की निळं गायब, नुसतं काळं. कार्ड कसंही फिरवलं तरी निळंच राहायचं. उजेडाचा दोष असेल म्हणून पेटी बाहेर नेली. शेजारून टेम्पो गेला तेव्हा वाऱ्यानं फुलपाखरू उडेल म्हणून मी पेटीवर ओणवा झालो. ते तसंही उडणार नव्हतं.

शेवटी गाडीचा रंग पारखताना करतो तेच केलं. पंखावर थिनरचा एक थेंब सोडला.

निळं गेलं. तिथं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा तपकिरी डाग राहिला. इतक्या वर्षांत एका थेंबात कुणाचा रंग उतरवला नव्हता. मी बाईंना फोन लावला.

"बाई, तुमचं फुलपाखरू बिघडलं."

"मेलेलं आहे ना? अजून किती बिघडणार?"

मी थिनरचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "वाळू दे. हात लावू नकोस. उद्या येते."

त्या यायच्या आतच पंख वाळला आणि निळं जसंच्या तसं परत आलं. मी पेटीकडं बघत स्टुलावर बसून राहिलो. त्या दिवशी दुसरं काम केलं नाही.

बाई आल्या आणि आधी मला दारातल्या डबक्यापाशी घेऊन गेल्या. डबक्यावर डिझेलचा तवंग होता, निळा, हिरवा, गुलाबी.

"डिझेलचा रंग असा असतो का?"

"न्हाई."

"तवंग पातळ असतो. वरून आणि खालून परतलेला उजेड एकमेकांत मिसळतो, त्यात काही रंग जोर धरतात, काही मरतात. पंखावर कौलांसारखे बारीक खवले असतात. खवल्यात पातळ थर, मधे हवा. तिथं जोर धरतो तो निळा. तू थिनर टाकलास, हवेची जागा थिनरनं घेतली. तो उडाला, हवा परत आली."

"म्हंजी पंखात निळा रंगच न्हाई?"

"कणभरसुद्धा नाही. खाली काळं आहे, म्हणून वरचं उठून दिसतं."

मग त्यांनी पाचशेची नोट काढून तिरकी केली. मधली तार हिरव्याची निळी झाली. पंखाचं बघून लोक आता रंग न घालता रंगीत दिसणारं कापड आणि पेंट बनवायच्या मागं लागलेत, असंही म्हणाल्या. तसला रंग उन्हानं सहसा विटत नाही.

"इटला न्हाई तर आमी काय करायचं?" मी विचारलं.

"गाड्या खरवडतातच की," बाई म्हणाल्या.

मी पुण्याहून रंग पालटणारा पेंट मागवला. त्यातल्या बारीक चकत्यांवरही असेच पातळ थर असतात. तो मारायचा तर खाली आधी काळ्या रंगाचा एक हात द्यावा लागतो. डब्यावर ते वाचलं तेव्हा मी बाईंना मुद्दाम फोन केला. "बरोबर," एवढंच म्हणाल्या, पण आवाजावरून खूश वाटल्या.

गाडी झाली. एका बाजूनं निळी, दुसरीकडून जांभळी, सावलीत काळी. रंग बदलला की आरसी बुकात तशी नोंद लागते. बाई म्हणाल्या, "रंग तू मारलास, तूच सांग," म्हणून मीही आरटीओत गेलो.

तिथले साहेब गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग उलट्या दिशेनं आणखी एक मारली.

"फॉर्मात काय लिहू?"

"उभे कुठं राहताय त्यावर आहे," बाई म्हणाल्या.

"मॅडम, रकाना एकच आहे."

बाईंनी त्यांना खवले, थर, हवा सगळं समजावलं. साहेबांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं, एकदा तर "अच्छा" म्हणाले, आणि 'काळा' लिहिलं.

परतीला स्कूटर बाईच चालवत होत्या, मी मागं. नसरापूर मागं पडलं. मग म्हणाल्या, "खालचा थर धरला तर चूक नाही म्हणता येणार."

"व्हय," मी म्हणालो, आणि सीटची कड घट्ट धरली, कारण बाई लई जोरात चालवतात.