आबांचे दोन रुमाल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? बहुधा तुम्ही आबांना पाहिलेलं नाही, म्हणून.

मी तेव्हा चितेगावच्या एका कारखान्यात नवा होतो, गारखेड्यात खोली घेऊन राहत होतो. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादानं शहर तापलेलं. नाव सांगितलं की लोक आडनाव विचारायचे, आणि आडनाव कळलं की गप्प व्हायचे. मी आधीच शहाणपणा करून गावावरनं आडनाव लावलं होतं. आम्ही धनगर—पण कारखान्यात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पैठणकडं उभा जन्म मेंढरांमागं काढला. सातपुड्यात होळीला आदिवासी नाचतात, हे त्यांनी कुठंसं ऐकलं होतं. "एकदा त्येंचा ढोल ऐकायचाय," म्हणाले. एसटीनं गेलो.

मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, आणि तो ढोल—आबा कितीसा दम धरणार? त्यांनी खिशातून दोन रुमाल काढले, दोन्ही हातांत धरले आणि आमच्या धनगरी गजी नाचाची पावलं टाकत रिंगणात शिरले. कुणी हटकलं नाही. उलट जागा करून दिली. काय नाचले हो आबा. मला त्यांचा अभिमान वाटत होता—हो, अभिमानच.

एवढ्यात शेजारी आमच्या कारखान्यातले साहेब दिसले. बायकोला घेऊन आलेले, गळ्यात कॅमेरा. आबा घाम पुसत माझ्याजवळ आले, तेव्हा साहेबांनी विचारलं, हे तुमचे कोण? कौतुकानंच विचारलं होतं, हेही सांगून टाकतो.

"कुणी नाहीत. एसटीत ओळख झाली."

मीच म्हणालो हे.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. सावकाश रुमालांची घडी घातली आणि साहेबांना म्हणाले, "व्हय साहेब. पाव्हणं लई भले हायेत. म्हाताऱ्याला संभाळून आणलं."

पाव्हणं—मला जन्मभर बाळ्या म्हणणारा माणूस. परतीच्या एसटीत ते पुन्हा बाळ्या म्हणाले, भूक लागली का विचारलं, खिडकीची जागा दिली. त्या गोष्टीचा शब्दही काढला नाही, शेवटपर्यंत. मी तरी कुठं काढला?

आबा गेले. मीही निवृत्त झालो. साहेबांना तो म्हातारा आता आठवतही नसेल. पण त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तर द्यायचं राहून गेलंय.

ते माझे वडील होते.