जयवंताबाईंचा ळ

नव्या कवळीचा पहिला आठवडा जयवंताबाई घाटोळे जवळजवळ मुक्याच राहिल्या. भाजीवाल्याकडं टमाटर मागायला गेल्या, तर तोंडातून 'तमातर' निघालं. भाजीवाला बिचारा हसला नाही, पण त्याच्या बाजूला उभी असलेली पोरगी हसली. त्या दिवसापासून त्या बोटानं दाखवून भाजी घेऊ लागल्या.

भाजीचं एक वेळ चालेल. खरं दुःख वेगळंच होतं. रोज आंघोळीनंतर देवापुढं बसून पोथीचा एक अध्याय मोठ्यानं वाचायचा आणि शेवटी टेकडीच्या गणपतीला हात जोडायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. खापरखेड्याजवळच्या गावात होत्या तेव्हाही, आणि मुलाबरोबर शहरात, हुडकेश्वरला राहायला आल्या तेव्हाही. आता 'टेकडी'ची 'तेकदी' होऊ लागली. देवाचं नाव असं बोबडं कसं घ्यावं? म्हणून त्या पोथी मनातल्या मनात वाचू लागल्या. मनातल्या मनात वाचलेलं देवाला पोचतं हे त्यांना माहीत होतं, पण घराला पोचत नव्हतं. घर सकाळी सुनंसुनं वाटायचं.

त्यातच सूनबाईंनी त्यांच्यावर एक काम टाकलं. ही सून, भूमिका, साताऱ्याची. जयवंताबाईंच्या मुलाशी, अश्विनशी, लग्न होऊन चार वर्षं झाली होती, आणि दहा दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती. बारसं पुढच्या रविवारी ठरलं. अश्विन एकुलता एक, म्हणजे नाव ठेवायला आत्याच नाही.

"आई, बाळाच्या कानात नाव तुम्ही सांगायचं," भूमिका म्हणाली. "आत्याचा मान तुमचा."

"मी?" जयवंताबाईंनी तोंडावर पदर धरला. "माह्यं बोलनं ऐकून राहिली ना तू?"

"रविवारपर्यंत बसेल कवळी. नाव ठरलंय. काजळ."

जयवंताबाई जागच्या जागी खूश झाल्या. दिव्यावर वाटी धरून काजळ करणं ही त्यांचीच कला. डॉक्टरांनी बाळाच्या डोळ्यांत घालू नका म्हटलं, म्हणून त्या नातीच्या तळपायाला तीट लावत होत्या. त्यांनी लगेच म्हणून पाहिलं, "काजय. चांगलं आहे वं."

हे पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसलेल्या देवकीबाईंनी ऐकलं. देवकीबाई म्हणजे समोरच्या घरातल्या, बाळंतिणीला पाहायला आलेल्या. त्यांचं माहेर पुण्याचं आणि जीभ तिखट. जिना उतरताना त्या जयवंताबाईंना म्हणाल्या, "काकू, नव्या दातांनी तुमचा ळ खाल्ला वाटतं. कानात पहिल्यांदा जे नाव पडतं ना, तेच राहतं म्हणतात. जरा बघा बाई."

झालं. जयवंताबाईंच्या मनात तेच घोळू लागलं. नातीच्या कानात पहिला शब्द पडणार, आणि तोच चुकीचा? पोरीचं नाव आपल्या दातांनी बिघडवायचं?

ज्या दवाखान्यात कवळी बसवली तिथं विचारलं, तर "सवय होईल" म्हणाले. पण त्याच दवाखान्यातल्या नर्सनं हळूच सांगितलं की इथल्या कवळ्या बनवून देणारा माणूस जरीपटक्यात बसतो, तोच सुधारून देईल. भैयाजी म्हणतात त्याला. जयवंताबाई दुसऱ्याच दिवशी दोन बस बदलून शहराच्या या टोकापासून त्या टोकाला गेल्या.

भैयाजींचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. सत्तरीचे सिंधी गृहस्थ, कपाळाला गंध, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी जयवंताबाईंची वरची कवळी काढायला लावली, कोरडी केली आणि टाळूच्या बाजूला पावडर भुरभुरली. नातीच्या अंगाला लावतात तीच पावडर. मग कवळी पुन्हा तोंडात बसवायला दिली.

"अब बोलो माताजी, सिर्फ एक बार. टा."

"ता."

भैयाजींनी कवळी काढून उजेडात धरली. जीभ जिथं टेकली होती तिथली पावडर पुसली गेली होती, बाकीची तशीच. "हे बघा. तुमची जीभ दातांच्या मागेच अडकून राहिली. वर जायला जागाच नाही. टाळू जाड झाला, ही माझी चूक. तुमची नाही."

'तुमची नाही' हे त्या आठवड्यात जयवंताबाईंना कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

भैयाजींनी घासलं, पुन्हा पावडर, पुन्हा 'टा'. तिसऱ्या वेळी पुसलेला डाग दातांपासून जरा मागे सरकला, आणि खोलीत खणखणीत 'टा' वाजला. जयवंताबाईंनी लागोपाठ टमाटर, वाटाणे, ठेचा, ढेमसे अशी आख्खी भाजीमंडी म्हणून टाकली. मग हात जोडून म्हणाल्या, "टेकडीच्या गनपतीबाप्पा." डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

चहा येईपर्यंत भैयाजींनी त्यांना भिंतीवरचं फळकूट दाखवलं. त्यावर जुन्या, टाकून दिलेल्या कवळ्या ओळीनं मांडलेल्या, आणि प्रत्येकीच्या टाळूवर, जीभ टेकायची त्या जागी, निळ्या पेन्सिलीनं एक गोल.

"हा रेल्वेतल्या एका मद्रासी गार्डचा. त्याचा ट बघा कुठं आहे, किती मागे. ते लोक जीभ अशी उलटी मुडपतात, जिभेची खालची बाजू टाळूला लागते. हा आपल्या हिंदीवाल्याचा, पुढे. आमच्या सिंधीत एक ड तर श्वास आत ओढून बोलतात, त्याच्यासाठी मी माझ्या भावाची कवळी चार वेळा केली. आणि हा स्वीडनहून आलेला पाहुणा. त्याच्या भाषेत मुलाला 'बाण' म्हणतात."

"बान? तीरकमठ्यातला?"

"लिहितात बार्न. पण बोलताना र आणि न एकमेकांत मिसळतात आणि ण होतो. साहेब म्हणाला, आमच्याकडे ण लिहायला अक्षरच नाही, पण तोंडात आहे."

जयवंताबाईंना मोठं नवल वाटलं. परक्या देशातल्या बायाही आपल्या लेकरांना हाक मारताना जीभ वर वळवतात. देवानं किती तोंडं घडवली, आणि प्रत्येकाच्या टाळूवर कशी वेगळी खूण ठेवली. त्या चहाचा कप हातात धरून म्हणाल्या, "भैयाजी, इतकं केलं तं आनखी एक करून द्या. माह्या ळ गेला. नातीच्या कानात नाव सांगायचं हाय. काजय."

भैयाजींनी पावडर घेतली. "बोलो."

"काजय."

कवळी काढून पाहिली. टाळूच्या मधोमध, जिथं जीभ टेकायला हवी, तिथं पावडर जशीच्या तशी. जीभ पोचलीच नव्हती. "होऊन जाईल," भैयाजी म्हणाले आणि थोडं आणखी घासलं.

त्या दिवशी झालं नाही. दोन दिवसांनी जयवंताबाई पुन्हा गेल्या. ट, ठ, ड सगळे ठिकाणावर होते, पण ळ येईना. बुधवारी घासलं, शुक्रवारी पुन्हा घासलं. बारसं रविवारी. घरी त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. भूमिकाला म्हणायच्या, "बजारात जाऊन येतो." बाळंतिणीच्या जिवाला घोर नको.

शुक्रवारी दुपारी कवळी उजेडाला धरली तर पलीकडची खिडकी दिसायला लागली होती. आणखी एक हात चालवला असता तर तुटलीच असती. भैयाजींनी कानस खाली ठेवली आणि डोक्याला हात लावला.

"माताजी, चाळीस वर्षांत असं झालं नाही. तुमचे खरे दात होते तेव्हाचं काही आहे का? रेकॉर्डिंग वगैरे?"

जयवंताबाई फोन वापरण्यात पटाईत. भजनमंडळाचा ग्रुप त्याच चालवतात. त्यांनी बोट फिरवत फिरवत दोन वर्षांपूर्वीचा, अश्विनला पाठवलेला आवाज शोधून काढला. दात सगळे जागेवर होते तेव्हाचा. फोनमधून त्यांचाच ठसठशीत आवाज आला:

"अश्विन, मी आई बोलून राहिली. येतानी केये आनजो, पिकले पाहून आनजो, काये पडलेले नको. गुयाची ढेपही आनजो. अन् वेय नको लावू गा."

भैयाजींनी ते तीनदा ऐकलं. मग चष्मा काढला आणि असे हसले की बाजूच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

"काहून हासून राहिले?" जयवंताबाई जरा दुखावल्याच.

"माताजी, तुमचा ळ दातांनी नाही खाल्ला. तो तुमच्या तोंडात कधी नव्हताच. केये, काये, गुया, वेय. तुमच्या साऱ्या गावात हेच बोलत असतील."

जयवंताबाईंनी तो आवाज स्वतः पुन्हा लावून ऐकला. आई, आजी, सासू, विहिरीवरच्या बाया, पोथी सांगणारे गुरुजी, सारे एकेक करून कानात बोलून गेले. सगळ्यांचा 'य'च. आणि पासष्ट वर्षं त्यांना तो ळच ऐकू येत होता.

"म्हनजे मी रोज देवापुढं चुकीचंच वाचलं का जी?"

भैयाजींचं हसणं थांबलं. ते फळकुटापाशी गेले. "मी हे काम सीताबर्डीत एका चिनी डॉक्टरकडे शिकलो. ते सांगायचे, त्यांच्या देशात उत्तरेकडचे लोक जीभ वळवून श बोलतात, तोच बरोबर धरतात. माझ्या या उस्तादांच्या घरातली जीभ मात्र सरळच राहायची. त्यांना शाळेत त्यावरून फार चिडवलं. पण ते म्हणायचे, माझ्या आईनं मला सरळ जिभेनंच हाक मारली आणि प्रत्येक वेळी मी 'ओ' दिली." भैयाजींनी चष्मा पुन्हा नाकावर ठेवला. "ही कवळी आता जेवणाच्या कामाची नाही. उद्या संध्याकाळी नवी देतो, ट-ठ-ड सगळं पाहून. ळ मागू नका फक्त."

त्या रात्री जेवणं झाल्यावर जयवंताबाईंनी सुनेला सगळं सांगून टाकलं. जरीपटका, पावडर, घासून पातळ केलेली कवळी, आणि शेवटी, "मले ळ येतच नाही वं. कधी आलाच नाही. तुह्या आईले बोलाव, ती सांगल नाव. पोरीचं नाव बिघडायले नको."

भूमिका बाळाला पाजत होती.

"आई, हे नाव मला कुठं सापडलं, विचारलंत का तुम्ही?"

"काहून, पुस्तकात पाह्यलं असंल."

"दवाखान्यातून आलो त्या दिवशी तुम्ही दिव्यावर वाटी धरून बसला होतात. स्वतःशीच म्हणत होतात, माह्या बाईले काजय लावू, काजय लावू. मला इतकं गोड वाटलं ते. तेव्हाच ठरवलं. लिहिताना काजळ लिहितात म्हणून तसं लिहिलं. पण मला नाव तुमच्याच तोंडून मिळालंय."

"अन् चार वर्षं तू मले काही बोलली नाही, की सासूबाई ळ बोलत नाही?"

"काय बोलायचं? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

यावर दोघी हसल्या, आणि बाळाचं पिणं सुटलं म्हणून ते रडलं.

रविवारी जयवंताबाईंच्या तोंडात नवी कवळी होती. पाच बायकांनी पाळणा झुलवला. त्यांनी खाली वाकून नातीच्या कानात कुर्र केलं आणि सांगितलं, "काजय." अजिबात न अडखळता. पाळण्यावर मात्र मोठ्या अक्षरांत 'काजळ' लावलेलं होतं. देवकीबाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि विचारलंच, "मग नाव नेमकं काय समजायचं?"

"लिहायचं काजळ," भूमिका म्हणाली, "आणि हाक मारायची काजय."

देवकीबाईंनी पेढा घेतला, आणि जाता जाता पाळण्यात वाकून हळूच 'काजय' म्हणून पाहिलं. त्यांना ते तितकंसं जमलं नाही.

सोमवारी सकाळी पोथी मोठ्यानं वाचून झाली आणि जयवंताबाई पेढ्यांचा डबा घेऊन पुन्हा जरीपटक्याला गेल्या. भैयाजींनी ती घासलेली जुनी कवळी फळकुटावर ठेवली होती. टाळूवर ट आणि ड चे दोन निळे गोल. ळ च्या जागी काहीच नाही. जयवंताबाईंनी डबा पुढं केला आणि वाकून नमस्कार करायला लागल्या, तर भैयाजी मागे सरकले.

"अरे, आप तो माताजी हो. नाव ठेवलं?"

"ठेवलं जी."

"काजल ना?" भैयाजी पेढा मोडत म्हणाले. "काजल. बहुत अच्छा नाम है."

जयवंताबाईंनी ऐकलं. मग समाधानानं मान हलवली.

"हो जी. तेच."