पोरं बरी आहेत, असं मी सांगितलं

बाबांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. "मोठे बाबा गेले," एवढंच ते म्हणाले, आणि फोन तसाच चालू राहिला. मागून जामुलच्या बसचा कंडक्टर ओरडत असल्याचं ऐकू येत होतं. मी "हो" म्हणाले. त्याला आता पाच आठवडे झाले.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून ते भिलाईला आले आणि नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, म्हणजे दगडी कोळसा भाजून कोक बनवणाऱ्या भट्ट्यांवर काढली. रिटायर झाल्यावर कुरुदला घर बांधलं, आणि मागच्या मोकळ्या जागेत मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. वर्गात उभी राहिले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे मी फक्त त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून संध्याकाळी पेट्यांजवळ बसवून ते मला दिवसभराचा धडा मोठ्याने म्हणायला लावत. मी सांगितलेलं त्यांना किती कळत होतं, कोण जाणे. पण मधे उठून कधी गेले नाहीत.

पेटीतल्या अंड्या-अळ्यांना ते 'पोरं' म्हणायचे. आमच्याकडे जानेवारी संपता संपता दुपारचं ऊन चढतं, मुनगा म्हणजे शेवगा फुलतो, मोहरी फुलते, आणि राणीमाशी भराभर अंडी घालू लागते. मग मधेच दोन-चार दिवस थंडी उलटून येते. माश्या दाटीवाटीने पोरांवर बसून त्यांना ऊब देतात. पण पोरं जास्त आणि माश्या कमी असल्या तर कडेची पोरं उघडी पडतात, गारठून मरतात. पहिल्या वर्षी मोठ्या बाबांच्या पेट्यांतली सगळीच पोरं मेली होती. कोक ओव्हनच्या दारातून धूर निघू नये म्हणून तिथे फटींना माती लिंपतात. हाताला तीच सवय. त्यांनी पेट्यांची फट न् फट मातीने बुजवली, वरून प्लास्टिक गुंडाळलं. आत वाफ धरली, झाकणाचं पाणी पोरांवर ठिबकत राहिलं. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. "माश्यायचा कोक बनवून राहिले होते हे," म्हणायची.

मोठे बाबा हसायचे. "पेटी गरम नाई कराची, कोरडी ठेवाची," ते मला समजवायचे. "गरमी त्या सोताच बनवतात. आपण फक्त त्याईची जागा लहान करून द्याची." मग ते पोळ्याच्या रिकाम्या चौकटी काढून घेत, माश्यांना चिकटून एक फळी सरकवत, वर गोणपाट घालत आणि येण्याजाण्याचं दार दोन बोटांएवढं ठेवत. बस, तेवढंच. आणि एक नियम होता. आपल्याला अंगातलं स्वेटर काढावंसं वाटेपर्यंत पेटी उघडायची नाही.

यंदा जानेवारीत त्यांना दम लागू लागला, आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. पेट्या माझ्याकडे आल्या. त्याच आठवड्यात थंडी परतली. मला प्राणिशास्त्राची प्रोजेक्ट फाइल द्यायची होती आणि मॅडमना स्वतः काढलेला फोटो हवा होता. शेवटच्या दिवशी सकाळी साडेसातला मी तीन नंबरची पेटी उघडली. अंगात स्वेटर होतं, डोक्याला स्कार्फ होता. मधली भरलेली चौकट काढून भिंतीला टेकवली. मोबाइल नीट फोकस घेत नव्हता. दहा मिनिटं गेली असतील, जास्तही गेली असतील. ऑटो चुकेल म्हणून घाईत चौकट परत ठेवली, तेव्हा ती कडेला गेली आणि मधे एका चौकटीएवढी जागा रिकामी राहिली. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. पेटीच्या दारासमोर जमिनीवर मेलेल्या अळ्या पडल्या होत्या, आणि माश्या आणखी एकेक ओढून बाहेर टाकत होत्या.

त्या दिवशी चार वाजता दवाखान्यात गेले. मोठ्या बाबांनी मास्क बाजूला केला.

"पोरं कशी हायेत?"

"बरी हायेत."

"थंडी लै होती म्हनते तुही मोठी आई. उघडली त नाई?"

"नाई."

वर्गात अडणारे शब्द त्या वेळी अजिबात अडले नाहीत. त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे मान वळवली. "मेरी भतीजी है. कॉलेज में पढ़ती है. पेटी वही संभालती है." मग मला म्हणाले, "ऊन पडलं का तीन नंबरमंदी एक चौकट वाढव. ते पेटी यंदा जोरात हाये." मी मान डोलावली. घरी आले की सांगू, बरे झाले की सांगू, असं मी ठरवत होते... दोन दिवसांनी बाबांचा फोन आला.

मोठ्या बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना होऊन सगळे गेल्यावर मोठी आई अंगणात भांडी घासत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती घासत राहिली.

"मले कावून सांगून राहिली आता?" ती म्हणाली. थोड्या वेळाने हात थांबले. "खाऊन थोडी टाकलं असतं वं त्याईनं तुले. एक खेप सांगून त पाहाचं होतं."

पुढच्या रविवारी तीन नंबरच्या उरलेल्या माश्या मी दुसऱ्या पेटीत मिळवून टाकल्या.

मागच्या आठवड्यात फाइल परत मिळाली. फोटो वर्गाला दाखवत मॅडम म्हणाल्या, सगळ्यात चांगला हाच आला आहे, कसा काढला ते सांग. मी उभी राहिले. "मॅडम, इस फोटो के चक्कर में ये सब मर गए थे," मी म्हणाले. मग घरी खोटं बोलले तेही सांगितलं. किती वेळ बोलत होते कळलं नाही. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हळूच बसायला सांगितलं.

तो फोटो आता माझ्या टेबलावर आहे. चौकटीच्या प्रत्येक घरात पांढरीशुभ्र अळी आहे, तेव्हा जिवंत असलेली. मागे भिंतीपाशी मोठ्या बाबांचं लोखंडी स्टूल आलं आहे. त्यावर कुणी बसलेलं नाही, कारण ते दवाखान्यात होते आणि परत येणार होते. पेटीवरचं गोणपाट मी काढून तिथेच टाकलं होतं. तेही फोटोत आहे.