पहिल्या प्रश्नात रमलेला मामा

आमच्या धाकट्या मामाइतकं मॅट्रिकच्या परीक्षेवर जगात दुसऱ्या कुणी प्रेम केलं नसेल. परीक्षेनं मात्र त्याला कधी हो म्हटलं नाही. मार्चमध्ये नापास झाला की तो ऑक्टोबरच्या तयारीला लागायचा आणि ऑक्टोबरात गेला की मार्चच्या. बाकीचे विषय म्हणजे त्याच्या हातचा मळ. घोडं अडायचं ते गणितात. गंमत म्हणजे गणितच त्याला सगळ्यांत छान यायचं. भूमितीचा पहिला प्रश्न समोर आला की मामा त्यात रमायचा. वर्तुळ मनासारखं आलं नाही तर खोडून पुन्हा काढायचा, सिद्धता लिहून झाली की याहून सोपी एखादी असेल का ते शोधायचा, आणि ती सापडून तिच्याखाली रेघ मारेपर्यंत शेवटची घंटा व्हायची. पुढे पुढे तर त्याच्या वर्गातला एक मित्र मास्तर होऊन पर्यवेक्षक म्हणून आला. तो कानाशी वाकून म्हणाला, "अरे, आता दुसरा घे." मामानं त्यालाच दटावलं, "थांब रे, आत्ता कुठे रंगात आलंय."

आमच्या नौपाड्यातली निम्मी पोरं मात्र मामाच्या शिकवणीवर पास झाली. त्यांना तो एकच गोष्ट बजावायचा, "अडलं की सोडायचं आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं." परीक्षेच्या सकाळी आजी मामाच्या हातावर दहीसाखर ठेवायला लागली की ही पोरंही ओटीवर रांगेनं हात पुढे करायची. दह्याचा गुण परक्या पोरांना येतो आणि घरच्याला नाही, म्हणून आजी दर वेळी विरजण बदलून बघायची.

हे आयुष्यभर चाललं असतं, पण मामाचं लग्न ठरलं होतं. मुलगी कल्याणची. तिचा भाऊ मामाकडे शिकून पहिल्या झटक्यात पास झाला, त्यातूनच हे जुळलेलं. तिच्या वडिलांची अट एवढीच, की जावई मॅट्रिक झाला की मुहूर्त काढायचा. वाट बघून ते थकले आणि त्यांनी निरोप धाडला, दुसरं स्थळ आलंय, काय ते सांगा. आजोबा मामाला घेऊन कल्याणला गेले. मामाला ती मुलगी मनापासून आवडली होती. तो खाली मान घालून म्हणाला, "अजून एकदा बसतो, तेवढं थांबा." तेव्हा पाण्याचे पेले घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली आणि म्हणाली, "बाबा, अडलं की सोडायचं, हे यांनीच दादाला शिकवलं ना? मग यांनाही सोडू दे की परीक्षा. पुढचा प्रश्न मी बघते." ती आमची मामी.

मामा लाकडाच्या वखारीत कामाला लागला. पुन्हा परीक्षेला बसला नाही. गणिताच्या पेपरच्या दिवशी मात्र रजा काढून शाळेच्या फाटकाशी जायचा, सुटलेल्या पोरांकडून प्रश्नपत्रिका मागून आणायचा आणि पहिला प्रश्न घेऊन बसायचा. जेवण निवायचं. मामी ताट झाकून ठेवायची आणि म्हणायची, "होऊ द्या सावकाश, आज घंटा नाहीये."

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मला त्याची फार आठवण येते. मार्चमध्ये मामीकडे जाताना मी कुठूनतरी त्या वर्षीचा गणिताचा पेपर मिळवून नेतो. तिला त्यातलं काही कळत नाही. ती चष्मा लावते, पहिल्या प्रश्नावर बोट ठेवते आणि विचारते, "हा त्यांना आवडला असता का रे?"