धारेची वेळ

मी आयुष्यभर म्हशी राखल्या. शाळा चौथीपर्यंत, पुढे गोठा. एका वेळी अकरा म्हशी माझ्या दावणीला होत्या आणि एकीनंही कधी मला लाथ मारली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दुधाच्या बाबतीत मला अडाणी म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय अशी माझी समजूत होती. तो जन्माला आला होता, माझ्याच घरी, आणि त्याची फी मी भरली होती.

नात झाली तेव्हा आधी आमची मंडळी दुबईला गेली. तिचा व्हिसा संपला, गुडघेही संपले, ती परतली आणि माझी पाळी लागली. मुलगा अल मनखूलला राहतो, सातव्या मजल्यावर. तो घरूनच काम करतो, म्हणजे आतल्या खोलीत कानाला डबडं लावून दिवसभर इंग्रजीत भांडतो. सून जबल अलीला एका मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. ती लहानाची मोठी शारजात झाली. मराठी बोलते, पण त्यात हिंदी, इंग्रजी आणि थोडं अरबी अशी भेळ असते. तिची बाळंतपणाची सुट्टी संपली आणि मी पोचलो, एकाच आठवड्यात.

माझं काम सोपं होतं. नातीला सांभाळायचं आणि वेळेवर बाटली द्यायची. बाटलीतलं दूध तिच्या आईचंच. सून ऑफिसात मशीननं काढायची, पिशवीत भरायची, थंड डब्यातून घरी आणायची. पोरगी सहा महिन्यांची होईपर्यंत तिला आपलंच दूध द्यायचं असा तिचा हट्ट होता. हट्ट मला आवडतो. पण बोलायचं कसं? आम्ही सासरा आणि सून. आमच्या घरात त्या दुधाला नावच नव्हतं. मी ‘ते’ म्हणायचो. ‘ते फ्रीजात आहे का?’ ‘आहे आबा.’ ‘ते कोमट केलं.’ ‘थँक्यू आबा.’ एवढ्यावर दोघांची लाज राहायची.

मशीन मी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. संध्याकाळी दार लावून ती बसायची आणि आतून घर्र-टुक, घर्र-टुक असा आवाज यायचा. आता धारेच्या वेळी घरात गडबड चालत नाही. परका माणूस दिसला किंवा भांडं जरी आपटलं, तरी म्हैस पान्हा चोरते. म्हणून मी टीव्ही बंद केला. मुलाच्या खोलीत जाऊन त्याला गप्प बस म्हणून खुणावलं. आणि दाराबाहेर पहारा देत उभा राहिलो.

“आबा, बाहेर कोण उभं आहे?” आतून आवाज आला.

“कोणी नाही.”

“मग खोकतंय कोण?”

तेव्हापासून मला त्या वेळात खाली चक्कर मारायची शिक्षा झाली.

पहिला आठवडा बरा गेला. पिशवी बोटांनी मोजायची माझी सवय. ऑफिसातली पिशवी चार बोटं भरून यायची. दुसऱ्या आठवड्यात ती तीन बोटं झाली, मग दोन. फ्रीजरमध्ये सुट्टीतला साठा होता, तोही खाली चालला. सून मेथीच्या गोळ्या खायला लागली, ओट्स खायला लागली, मंडळीनं दिलेले हाळिवाचे लाडू तर मोजून खायची. मुलगा एका संध्याकाळी म्हणाला, “डब्याचं सुरू करूया ना. डॉक्टर पण म्हणाले चालेल. त्यात काय एवढं?”

सुनेनं हातातल्या रिकाम्या पिशवीची दोनदा घडी घातली आणि आत गेली. डब्याच्या दुधावर माझा राग नाही, आमच्या शेजारची दोन पोरं त्याच्यावरच पैलवान झाली. पण जिला द्यायचं होतं तिला नको होतं, आणि ती डोळे पुसून बाहेर आली ते मला दिसलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी जेवताना मी तोंड उघडलं. लाज बाजूला ठेवली.

“ऑफिसात वेळ पाळतेस का?”

“कसली वेळ, आबा?”

“त्याची. धारेची.”

मुलाचा घास हातातच राहिला. सून म्हणाली, “अकराला जाते. पण मधेच मीटिंग आली तर साडेबारा होतात. कधी कधी राहून जातं.”

“तिथंच खोट आहे. लाडू खा नाहीतर सरकी खा, वेळ चुकली की आटणार. माझी एक म्हैस होती, तिची धार एकदा पाहुण्यांच्या नादात तीन दिवस उशिरा काढली...”

“आबा,” ती ताट सरकवून म्हणाली, “मी म्हैस आहे का?”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडात आलेलं मी गिळत नाही.

“छे,” मी म्हणालो, “म्हैस ऐकते.”

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. म्हणजे बोलायची, पण मुलामार्फत. मी समोर बसलेला असताना त्याला म्हणायची, “आबांना सांग, वरण वाढलंय.” मीही त्याला म्हणायचो, “तिला सांग, मीठ कमी आहे.” तो बिचारा पोस्टमन झाला. अबोल्यात पोस्टमनकडूनच मला खरी गोष्ट कळली. ऑफिसात दूध काढायला वेगळी जागा नव्हती. बायकांची नमाजाची खोली होती, तिथल्या बायकांनी हिला अकराची वेळ खुशीनं दिलेली. पण साहेब रोज अकरालाच मीटिंग लावायचा. आणि आपण कशासाठी उठतो हे साहेबाला सांगायला ही लाजायची. ‘कॉल आहे सर’ म्हणून पाच मिनिटं मागायची आणि पाच मिनिटांत काय होतंय?

“इथल्या कायद्यात आहे म्हणे, लेकुरवाळीला रोज कामातून तासभर सुट्टी द्यायची,” मुलगा म्हणाला.

“मग मागत का नाही?”

“आबा, तुम्ही तिच्यासमोर ‘दूध’ म्हणू शकत नाही, ती साहेबासमोर कशी म्हणेल?”

त्या रात्री मी विचार केला. पान्हा अडला की गवळी काय करतो? रेडकू आणून समोर उभं करतो. लाडू नाही, गोळी नाही. रेडकू ओरडलं की काम झालं. आणि आमचं रेडकू तर दिवसभर माझ्याच मांडीवर होतं.

सकाळी आठला पोरीला पाजलं. शेवटची पिशवी कोमट करून बाटलीत भरली आणि सोबत घेतली, मी काही वेडा नाही. मग मुलाच्या खोलीचं दार उघडलं. तो डबडं लावून बसला होता. मी विचारलं, “हिला घेऊन जरा फिरून येऊ?” त्यानं न बघता मान हलवली. कुठपर्यंत, ते त्यानं विचारलं नाही. आता यात माझा काय दोष?

बाबागाडी ढकलत मेट्रोत गेलो. समोर जो डबा आला त्यात चढलो. चार स्टेशनं गेल्यावर एक मॅडम म्हणाल्या, “अंकल, ये लेडीज डब्बा है.”

“मालूम है,” मी म्हणालो, “लेडीज ये है. मैं इसके साथ आया हूँ.” आणि गाडीतल्या नातीकडे बोट दाखवलं. अख्खा डबा हसला, मॅडमही हसल्या, पण पुढच्या स्टेशनला त्यांनी मला शेजारच्या डब्यात पाठवलंच. लेडीजही माझ्याबरोबर आली.

स्टेशनवरून टॅक्सी केली. बावीस दिरहम, म्हणजे पाचशेच्या वर रुपये. एवढ्यात आमच्याकडे म्हशीची चार दिवसांची पेंड येते. पण अकराला दहा मिनिटं कमी असताना सुनेच्या कंपनीच्या दारात उभा होतो.

दारावर पंजाबकडचा पाकिस्तानी वॉचमन होता. माझ्याहून थोडा लहान, मिशा भरघोस.

“चाचा, पास?”

“पास नहीं है. बच्ची है.”

“किससे मिलना है?”

“मिलना नहीं है. दूध पिलाने का है.”

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आप पिलाओगे?”

मग मी त्याला सगळं समजावलं. माझ्या हिंदीत, हातवारे करून, म्हशीसकट. तो खुर्चीवरून उठला. “अरे चाचा, मेरे बाप के पास आठ भैंसें थीं! बच्चा दिखाए बगैर कौन सी भैंस दूध उतारती है?”

“वही तो मैं बोल रहा हूँ! घर में कोई सुनता नहीं!”

“पढ़े-लिखे लोग हैं, चाचा. भैंस को नहीं जानते.”

“आबा!”

मागे सून उभी होती. वॉचमननं बोलता बोलता आत फोन लावला होता, ते मला कळलंच नव्हतं. तिनं किती ऐकलं ते मी आजतागायत विचारलेलं नाही. चेहऱ्यावरून वाटलं, सगळं.

“काय झालं? बाळ बरं आहे ना? तुम्ही इथे कसे? एकटे?”

“बरी आहे. वेळ झाली म्हणून आणली.”

ती काय बोलणार होती ते राहूनच गेलं, कारण आईचा आवाज ऐकून पोरीनं जो टाहो फोडला तो आतल्या जिन्यापर्यंत गेला. सुनेनं तिला उचललं आणि झटकन ओढणी पुढे घेतली. मी भिंतीकडे तोंड केलं. वॉचमननंही केलं. दोघं भिंतीकडे तोंड करून उभे असताना त्यानं मला कोपरानं हळूच ढोसलं. मी पण त्याला ढोसलं.

एवढ्यात साहेब खाली आला. गोरा, टाय लावलेला, दिल्लीकडचा. मीटिंग सुरू झाली होती आणि ही मधूनच उठून आलेली. “सब ठीक है?” त्यानं विचारलं.

मी पुढे झालो. “साहब, ग्यारा बजे...”

“आबा, एक शब्द नाही.” असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मी गप्प बसलो. हो, बसलो. ती साहेबाकडे वळली. एरवी त्याच्याशी इंग्रजी फाडते, आज हिंदीत बोलली.

“सर, रोज़ ग्यारह बजे और तीन बजे आधा-आधा घंटा मैं मीटिंग में नहीं आऊँगी. बेबी के लिए दूध निकालना होता है. मैं कॉल बोलकर जाती थी. कॉल नहीं था सर, दूध था.”

साहेबाचे कान लाल झाले. त्यानं छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वॉचमनकडे पाहिलं. “हाँ, हाँ, बिल्कुल. पहले बता देतीं. मीटिंग दस बजे कर लेते हैं, खलास.” आणि दोन पायऱ्या एकदम चढत पळाला. चार शब्द होते. त्यांच्यापायी तीन आठवडे पिशव्या आटत होत्या.

सून पोरीला घेऊन नमाजाच्या खोलीत गेली. मी वॉचमनबरोबर चहा प्यायलो. अर्ध्या तासानं ती आली तेव्हा पोरगी ढेकर देऊन झोपली होती. सुनेनं मला फक्त एवढंच सांगितलं, “घरी या, मग बोलते.” त्याच वेळी तिनं फोन करून बोलावलेला मुलगा गाडी घेऊन पोचला, घामानं भिजलेला.

“आबा, मी पोलिसात फोन करणार होतो!”

“कुणाची तक्रार करायला?”

“तुमची!”

“मान हलवलीस ते पण सांगणार होतास ना?”

तो जबल अलीपासून मनखूलपर्यंत बोलत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो. संध्याकाळी सुनेनं उरलेलं पूर्ण केलं. पोरीला न सांगता दाराबाहेर नेलं तर मला थेट विमानतळावर सोडणार, वॉचमनजवळ म्हशीचा विषय काढला तर सामानही मागे ठेवणार. मी सगळं ऐकून घेतलं. मधे मुलाला म्हणालो, “तिला सांग, मीठ आज बरोबर आहे.” ती हसू दाबत उठून गेली.

दूध काही एका दिवसात परत आलं नाही. दोन बोटांवरून अडीच व्हायला आठवडा गेला. तिनं दवाखान्यातल्या नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, वेळ चुकवायची नाही, आणि घरी आल्या आल्या पोरीला छातीशी घ्यायचं. सून मला म्हणाली, “बघा आबा, हे शास्त्र असतं.” मी म्हणालो, नर्स फार हुशार आहे. मी जे बोलत होतो तेच बोलली, फक्त पैसे घेऊन. महिन्याभरानं पिशवी पुन्हा चार बोटं भरली. मुलानं डब्याच्या दुधाची गोष्ट परत काढली नाही.

माझा मात्र तिला भरवसा राहिला नाही. त्या प्रकारानंतर ती रोज अकराला आणि तीनला फोनवर एक फोटो पाठवते. नमाजाच्या खोलीचं बंद दार, आणि बाहेर तिच्या चपला. शब्द एक नाही. म्हणजे मी आत आहे, तुम्ही घरी बसा.

परवा अकरा वाजले, फोटो नाही. अकरा पाच, नाही. मी पोरीला टोपी घातली. अकरा सातला सदरा अंगात चढवला, बटणं लावत होतो तोच फोन वाजला. फोटोत दार होतं, चपला होत्या, आणि खाली तिचा आवाज: “आबा, लिफ्ट बंद पडली होती, जिन्यानं आले. सदरा काढा.”

मी काढला. पोरीची टोपी मात्र तशीच ठेवली, तीनपर्यंत.