डब्बो ते वॉगा: वेबसाइटवरची पन्नास मिनिटं

ऑस्ट्रेलियातल्या डब्बो आणि वॉगा या दोन विमानतळांमधलं अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पन्नास मिनिटं. हे एका वेबसाइटवर वाचून माझ्या नवऱ्याने, अमेयने, एक्सेल शीट केली आणि आम्ही दोन गावांत नोकऱ्या घेतल्या. मी डब्बोत जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, तो वॉगाला युनिव्हर्सिटीत. भेटायचं दर शनिवारी. या दोन गावांमध्ये थेट विमान आहे का, हे बघायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. ते नाहीच. जायचं तर सिडनीवरून, म्हणजे निव्वळ द्राविडी प्राणायाम.

दोन महिन्यांत एकदाच भेटलो. मग पुण्याहून आईचा फोन आला, "असा संसार होतो का? राजीनामा दे आणि त्याच्याकडे जा." अमेयनेही हळूच री ओढली. राजीनामा मीच का द्यायचा? मला संताप आला. मी जाहीर केलं, शनिवारी गाडीने येते, एकटी. नाही जमलं तर देते राजीनामा. तोवर हायवेवर मी एकटीने कधी गाडी घातली नव्हती.

सकाळी सातला निघाले. रस्त्याने सव्वाचारशेच्या आसपास किलोमीटर पडतात, टोल नाही, एक टाकी पेट्रोल पुरतं. अंधाराआधी पोहोचा, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. पार्क्सला कॉफी चांगली मिळाली. खायला माझे धपाटे होते.

फोर्ब्सनंतर दोन-दोन डबे जोडलेले ट्रक सुरू झाले. एक शेजारून गेला आणि वाऱ्याने गाडी हलली. वेस्ट वायलाँगच्या अलीकडे मी रेस्ट एरियात थांबले आणि चक्क रडले. तेवढ्यात अमेयचा फोन.

"तिथेच थांब. मी कोणालातरी घेऊन येतो."

"कोणालातरी कशाला?"

"अगं, मला हायवेची सवय कुठे आहे?"

म्हणजे भीती दोघांनाही, आणि राजीनामा एकटीने द्यायचा. माझे डोळे तिथेच कोरडे झाले. "येतेय मी," म्हणून फोन ठेवला. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या आजीबाई सगळं बघत होत्या. जाणाऱ्या ट्रककडे बोट दाखवून म्हणाल्या, "लेट देम पास, लव्ह. इट्स युअर रोड टू."

पुढे टेमोराला दोन्ही बाजूंना कनोलाची, मोहरीसारखी फुललेली पिवळीजर्द शेतं होती. ती बघायला मी मुद्दाम थांबले, कारण आता थांबणं माझ्या मर्जीचं होतं. दीडला वॉगा. अमेय फाटकात उभा होता, आत वरणभात तयार.

"दमलीस?"

"हो. पण आले."

रविवारी सकाळी निघताना मी त्याच्या शीटमधली पन्नास मिनिटं खोडून साडेसहा तास लिहिले, आणि पुढच्या शनिवारपुढे त्याचं नाव. त्याने शीट सेव्ह केली. मग म्हणाला, "रेस्ट एरिया नेमका कुठे आहे, ते पाठव."

डब्बोला उजेडात पोहोचले. हात आखडले होते, पाठ बोलत होती, तरी स्वतःवर जाम खूश होते. आईचा फोन वाजला.

"पोचलीस ना? मग, राजीनामा?"

"नाही देणार. पुढच्या शनिवारी अमेय येतोय. गाडीने."

"अगं, जावयांना एकट्याने एवढं लांब चालवायला लावतेस?"

"मी गेले तेवढंच आहे, आई. मोजून आलेय."